पहिला शब्द कोणत्या भाषेतला?

मागच्या वर्षी माझी लेक सोलापूरहून नळदुर्गला माहेरी आली, ती एक वही घेऊनच. वही साधीच, दोनशे पानी. पण प्रत्येक पानावर मधोमध पेन्सिलीनं उभी रेघ मारून दोन रकाने पाडलेले. एका रकान्याच्या डोक्यावर लिहिलं होतं 'मराठी' आणि दुसऱ्याच्या डोक्यावर 'घरची'. खाली तारखा आणि त्या त्या दिवशी तिच्या मुलानं उच्चारलेले शब्द. माझा हा नातू तेव्हा दोन वर्षं आणि एक महिन्याचा होता.

"अब्बा, घर में एकीच जबान बोलो बोलके बोले उनो," लेक म्हणाली. 'उनो' म्हणजे शहरातल्या एका नर्सरीतल्या बाई. मूल अजून दोन शब्द जोडून बोलत नाही, घरात दोन भाषा असल्यामुळे ते गोंधळून गेलंय, तेव्हा घरातली भाषा बंद करा आणि मराठीच बोला, असं त्यांनी बजावलं होतं. सल्ला प्रेमानंच दिला होता. त्यामुळे लेक जास्तच घाबरली होती.

आमच्या घरात दख्खनी बोलतात. दाराबाहेर पाऊल टाकलं की मराठी. आळंदकडचा माणूस बाजारात भेटला की चार शब्द कानडीचे. मी कविता करतो ती मराठीत. बायको बाजारहाट मराठीतच करते, पण लाड करायचे तर तिला दख्खनीच लागते. बाईंचा सल्ला घरात लागू झाला आणि आठ दिवस माझी बायको नातवाशी पाहुण्यासारखी बोलू लागली. "बाळा, इकडे ये. पाणी पी." एवढं म्हणून गप्प. रात्रीची लोरीही थांबली. पोरगं तिच्या तोंडाकडं बघत राहायचं.

मी भाषाशास्त्र शिकलेलो नाही. बी. ए. झालो तो मराठी घेऊन. पण हे आठ दिवस बघवेनात, म्हणून मी वाचायला बसलो. लहान मूल बोलायला कसं लागतं हे माणसानं कधीपासून टिपून ठेवलं, काय काय टिपलं, आणि घरात दोन भाषा असल्या की मूल खरंच गप्प होतं का, एवढंच मला बघायचं होतं. जे हाती लागलं ते आज तुमच्यापुढं ठेवतो.

या विषयातली सगळ्यात जुनी गोष्ट हिरोडोटस या ग्रीक इतिहासकारानं सांगितली आहे. इजिप्तच्या सामेटिकस राजाला जगातली मूळ भाषा कोणती ते शोधायचं होतं. त्यानं दोन तान्ही मुलं एका धनगराच्या स्वाधीन केली आणि त्यांच्यासमोर कुणी अवाक्षर काढायचं नाही असा हुकूम केला. दोन वर्षांनी मुलं हात पसरून 'बेकोस' म्हणाली. फ्रिजियन भाषेत बेकोस म्हणजे भाकरी. राजानं मान्य केलं की फ्रिजियन लोक आपल्याहून जुने. ऐकलेल्या बकऱ्यांच्या बेंबें ओरडण्याची ती नक्कल असावी, ही शंका पुढच्या लोकांनी काढली.

अशीच गोष्ट आपल्याकडंही घडली आणि तिची नोंद दोघा समकालीनांनी केली आहे. अकबर बादशहाच्या दरबारात चर्चा निघाली की, ज्यानं कधी बोलणं ऐकलंच नाही असं मूल कोणती भाषा बोलेल? बादशहाचं म्हणणं होतं की बोलणं येतं ते ऐकण्यातून. ते पडताळायला त्यानं वस्तीपासून दूर एक घर बांधवलं आणि तान्ही मुलं तिथं ठेवली. दाया होत्या, दूध होतं, पहारा होता, फक्त बोलायला बंदी होती. अबुल फज्ल लिहितो की 1582 साली बादशहा स्वतः तिथं गेला, तेव्हा त्या घरातून बोलण्याचा आवाज आला नाही. मुक्या माणसांच्या तोंडून निघतात तसे आवाज तेवढे होते. बदायुनी हा दुसरा इतिहासकार बादशहावर नाराज असलेला. तो वीसेक मुलांचा आकडा देतो, त्यांच्या आयांना पैसे देऊन ती आणली होती असं सांगतो आणि त्यांतली कितीतरी मातीआड गेली असंही लिहितो. त्या घराला लोक 'गुंग महल' म्हणू लागले.

फारसीत गुंग म्हणजे मुका. हा शब्द मराठीत आला आणि वेगळा झाला. आपण कामात गुंग होतो, मती गुंग होते. अर्थ बदलला, तरी त्यात कुठंतरी वाचा बसण्याची खूण राहिलीच आहे. अकबराचा तर्क बरोबर ठरला, पण त्याची किंमत त्या लेकरांनी मोजली. दूध आणि छप्पर मिळूनही मूल बोलत नाही. त्याच्याशी कुणीतरी बोलावं लागतं.

यानंतर दोनशे वर्षांनी युरोपात सुरू झाला तो वेगळा प्रकार. मुलाला कोंडायचं नाही, घरातच ठेवायचं आणि वही घेऊन शेजारी बसायचं. जर्मनीतला तत्त्वज्ञ टीडमान यानं आपल्या मुलाच्या जन्मापासूनच्या नोंदी 1787 साली छापल्या. पण सगळ्यात गाजली ती चार्ल्स डार्विनची वही. त्याचा थोरला मुलगा विल्यम 27 डिसेंबर 1839 रोजी जन्मला. मूल कधी दचकलं, कधी रागावलं, आरशात बघून काय केलं, हे डार्विन लिहून ठेवत गेला. मग त्या वह्या जवळपास सदतीस वर्षं पडून राहिल्या. तेन या फ्रेंच विद्वानानं आपल्या मुलीच्या बोलण्यावर लिहिलेला लेख इंग्रजीत आला तो वाचून डार्विनला त्यांची आठवण झाली आणि 1877 साली त्यानं 'माइंड' या त्रैमासिकात आपलं टिपण छापलं.

त्यातली एक नोंद वाचून मी चकित झालो. पोरानं बरोबर एक वर्षाचं झाल्यावर खाण्यासाठी एक शब्द आपल्या मनानं काढला. तो शब्द होता 'मम'. भूक लागली की रडण्याऐवजी ते 'मम' म्हणायचं. पुढं साखरेला 'शू-मम' आणि ज्येष्ठमधाच्या काळ्या गोळीला 'ब्लॅक-शू-मम', म्हणजे काळं साखर-खाणं, असं त्यानं जोडकाम केलं. डार्विनला या शब्दाचं मोठं नवल वाटलं. आपल्याकडच्या कुठल्याही आजीला वाटलं नसतं. मम्म म्हणजे खाणं हे नळदुर्गातल्या मुलांना त्या पोराआधी शेकडो वर्षं ठाऊक असणार.

हे असं का होतं याचा उलगडा रोमान याकोबसन या थोर भाषाशास्त्रज्ञानं 1960 साली केला. मूल अंगावर पीत असताना ओठ मिटलेले असतात. त्या स्थितीत काढता येतो तो नाकातला हुंकार, म्हणजेच 'म'. पुढं दूध दिसलं, आई दिसली, भूक लागली की तोच हुंकार निघतो. मोठी माणसं त्याला अर्थ देतात, आणि कुठं त्याची आई होते, कुठं अन्न. रोमन पंडित व्हारोनं दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलं आहे की रोममधली मुलं खाण्याला 'पापा' म्हणतात, पिण्याला 'बुआ', आईला 'मम्मा' आणि बापाला 'ताता'. आपल्या 'तात' या शब्दाची इथं आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

या वह्यांबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी. नाव बापांचं झालं, पण मुलाजवळ दिवसभर कोण असायचं? जर्मनीत विल्यम स्टर्न आणि त्यांची पत्नी क्लारा यांनी 1907 साली मुलांच्या भाषेवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यामागं क्लाराबाईंनी तीन मुलांच्या रोज लिहिलेल्या डायऱ्या होत्या. 1900 साली थोरलीच्या जन्मापासून सुरू झालेलं ते काम अठरा वर्षं चाललं. इथं मला माझ्या लेकीची वही आठवली.

आता आपल्या मराठीकडं येऊ. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भाषाशास्त्र शिकवणारे डॉ. अशोक केळकर आपल्याला परिचित आहेत ते मराठीचे एक मोठे विचारवंत म्हणून. 2014 साली ते गेले. त्यांच्या 'रुजुवात' या ग्रंथाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला होता. या माणसानं 1964 साली न्यूयॉर्कच्या 'वर्ड' या नियतकालिकात एक इंग्रजी लेख लिहिला, त्याचा विषय होता मराठी घरांत लहान मुलांशी बोलायची भाषा. त्याच वर्षी चार्ल्स फर्ग्युसन या अमेरिकन अभ्यासकानं जगातल्या सहा भाषांमधलं बाळबोलणं शेजारी शेजारी मांडलं. त्या सहा भाषा म्हणजे अरबी, इंग्रजी, स्पॅनिश, अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची कोमांची, सैबेरियाकडची गिल्याक आणि आपली मराठी. आपल्या माजघरातलं 'चिऊ-काऊ' असं जगाच्या विद्येत जाऊन बसलं. महाराष्ट्रात याची फारशी कुणाला खबर नाही.

हे शब्द तुम्हां सगळ्यांना पाठ आहेत. बाहेर जायचं ते भूर. दूध ते दुदू. झोपायचं ते गाई गाई किंवा जोजो. लागलं की बाऊ झाला. कुत्रा भूभू, मांजर माऊ, गाय हम्मा. देव म्हणजे बाप्पा आणि त्याला हात जोडायचे ते जेजे. एरवी चार माणसांत अधिकारानं बोलणारा माणूसही पाळण्याजवळ गेला की 'अले अले, लडू नको माझ्या लाजा' म्हणतो. 'र'चा 'ल' होतो, 'सोन्या'चा 'छोन्या' होतो, शब्द दोनदोनदा येतात, आवाज चढतो, बोलणं संथ होतं.

फर्ग्युसननं यातून काढलेली गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. हे शब्द मुलं तयार करतात असं आपल्याला वाटतं. खरं म्हणजे ते मोठी माणसं मुलांना शिकवतात. भाषा वेगवेगळ्या असल्या तरी या शब्दांची घडण सारखी असते. सोपे आवाज, दुहेरी अक्षरं, आणि विषय ठरलेले, म्हणजे खाणं, झोप, प्राणी, दुखणं, नातेवाईक. आजीकडून आईकडं, आईकडून लेकीकडं ते पिढ्यान् पिढ्या चालत येतात. म्हणजे भाषेच्या उंच पायरीआधी मोठ्यांनी बसवून दिलेली ही एक ठेंगणी पायरी आहे. मूल तिच्यावर चढतं आणि पुढं जातं.

आमच्या भागात या पायऱ्या निरनिराळ्या दगडांच्या आहेत. माझ्या घरात झोपेला 'निन्नी' म्हणतात, शेजारच्या मराठी घरात 'गाई गाई' आणि कानडी घरात 'ताची'. मराठी मुलाला बागुलबुवाची भीती घालतात, कानडी मुलाला 'गुम्मा'ची. पण मुलं एकाच अंगणात खेळतात. माझ्या नातवाला आम्ही 'भूर' हा शब्द शिकवलेला नव्हता, तो त्यानं शेजारच्या अंगणातून उचलला.

मग दोन भाषांनी मूल गोंधळतं का? हा प्रश्नही जुनाच आहे आणि त्याचं उत्तरही वह्यांमधूनच मिळालं. फ्रान्समध्ये ज्यूल रोंजा या भाषाशास्त्रज्ञाची बायको जर्मन होती. बाप फ्रेंचच बोलेल, आई जर्मनच बोलेल, असं ठरवून दोघांनी मुलगा लुई याला वाढवलं. रोंजानं 1913 साली त्याचा वृत्तान्त छापला. मूल दोन्ही भाषा नीट शिकलं. पुढं अमेरिकेत वेर्नर लेओपोल्ड या मूळच्या जर्मन प्राध्यापकानं आपल्या हिल्डेगार्ड या मुलीच्या बोलण्याच्या नोंदी ठेवल्या. तो जर्मन बोलायचा, बायको इंग्रजी. 1939 ते 1949 या काळात चार खंड निघाले. मुलगी सुरुवातीला दोन्हीकडचे शब्द एकत्र वापरायची, मग हळूहळू तिनं ते आपलं आपण वेगळे केले.

तरीही दोन भाषांनी बुद्धी मंदावते असं शिक्षणक्षेत्रात बराच काळ मानलं जात होतं. कारण तपासण्याच चुकीच्या होत्या. एका बाजूला गरीब स्थलांतरितांची दोन भाषांची मुलं आणि दुसऱ्या बाजूला खात्यापित्या घरातली एका भाषेची मुलं, अशी तुलना व्हायची. गरिबीचा दोष भाषेच्या माथी बसायचा. 1962 साली कॅनडात माँट्रियल शहरात एलिझाबेथ पील आणि वॉलेस लँबर्ट यांनी सारख्या परिस्थितीतली दहा वर्षांची मुलं निवडून पाहिलं. दोन भाषा उत्तम येणारी मुलं बुद्धीच्या चाचण्यांत मागं नव्हती, उलट पुढंच निघाली.

याहून सुंदर प्रयोग 1984 सालचा आहे आणि त्यात आपले 'त' आणि 'ट' आहेत. कॅनडातल्याच जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी इंग्रजी घरातल्या तान्ह्या मुलांना हिंदीतले 'त' आणि 'ट' ऐकवले. इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्या माणसाला यांतला फरक चटकन कळत नाही, हे आपण त्यांच्या तोंडी आपली गावं ऐकताना अनुभवतो. आवाज बदलला की शेजारी खेळणं उजळून हलायचं, म्हणून फरक कळलेलं मूल तिकडं मान वळवायचं. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक मुलांना फरक कळत होता. दहा ते बारा महिन्यांच्या फार थोड्या मुलांना कळला. म्हणजे मूल सगळ्या जगाचे आवाज ऐकायची तयारी ठेवून येतं आणि वर्षाच्या आत भोवती जे ऐकू येतं तेवढं ठेवून बाकीचं सोडून देतं. भोवती दोन भाषा असतील तर ते दोन्हींचं ठेवतं. आपण एक बंद केली तर तेवढं आपण त्याच्याकडून सोडवून घेतो.

आमच्या मुलखात तर एकच भाषा असलेलं गाव शोधावं लागेल. सांगली जिल्ह्यातल्या एका गावाचा अभ्यास जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी 1971 साली प्रसिद्ध केला. त्यात गावाचं नाव 'कुपवार' असं आलं आहे. तिथं जैन घरांत कानडी, मुसलमान घरांत उर्दू आणि सगळ्यांच्या व्यवहारात मराठी. शतकानुशतकं शेजार केल्यानं तिन्ही भाषांची वाक्यं अशी एका साच्यात बसली होती की शब्द बदलला तरी वाक्याची ठेवण तीच राहावी. माझ्या लेकीचं ते वाक्य आठवा. 'एकीच जबान' असं ती म्हणाली. त्यातला 'च' मराठीचा आहे. घरात एकच भाषा बोला हे सांगायलासुद्धा आम्हाला दोन लागतात.

नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदी अडवून पाणीमहाल बांधला तो दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात. त्या बादशहानं 'किताब-ए-नौरस' हा गाण्यांचा ग्रंथ दख्खनीत रचला. त्याच विजापूरच्या परिसरात सूफींनी बायकांसाठी दख्खनीत 'चक्कीनामे' आणि 'लोरीनामे' लिहिले, म्हणजे दळताना आणि मुलाला निजवताना म्हणायची गाणी. शेजारच्या घरात जात्यावर ओवी चालायची. दोन्ही घरांतलं मूल मांडीवर पडून आपापलं ऐकत होतं, आणि भिंतीपलीकडचंही.

पुढं आमचा मुलूख निजामाच्या राज्यात गेला. कारभाराची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू झाली. मराठी घरातलं पोर शाळेत गेलं की त्याच्या आईची भाषा बाहेर राहायची. हैदराबाद राज्यातल्या मराठी माणसानं या गोष्टीचं दुःख केलं, त्याविरुद्ध तो लढला, आणि ते रास्तच होतं. घरची भाषा उंबऱ्याबाहेर ठेवायला लावली की मूल गप्प होतं, हे मराठवाड्यानं स्वतः भोगलेलं आहे. म्हणून तोच सल्ला आज दुसऱ्या कुठल्या घरातल्या मुलाला देताना, मग ते घर दख्खनी बोलणारं असो, लमाणी बोलणारं असो की कैकाडी, आपण जरा थांबावं एवढंच माझं म्हणणं आहे.

आता याची दुसरी बाजू. घरची भाषा दोषी नाही याचा अर्थ उशिरा बोलणाऱ्या मुलाकडं लक्षच द्यायचं नाही, असा नाही. 'त्याचा बापही उशिराच बोलला', 'पोरगा आहे, बोलेल' असं म्हणून आपल्याकडं वर्षं घालवतात. माझ्या लहानपणी आमच्या गल्लीत एक मुलगी होती. तिला सगळे मुकी म्हणायचे. ती मुकी नव्हती, तिला ऐकू येत नव्हतं. हे कळलं तेव्हा ती सात वर्षांची होती. गुंग महलातल्या मुलांसारखीच तिची गत झाली. भोवती सगळे बोलत होते, पण तिच्यापर्यंत काही पोहोचलंच नाही.

म्हणून बोलण्याला उशीर दिसला की पहिली तपासणी कानांची. आता ही सोय आहे. ज्या संस्थेला महाराष्ट्राचे माजी राज्यपाल, मूळचे हैदराबादचे, अली यावर जंग यांचं नाव दिलं आहे, ती श्रवण आणि वाचादोषांची राष्ट्रीय संस्था 1983 पासून मुंबईत वांद्र्याला आहे. 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची अशी तपासणी होते आणि गरज पडली तर पुढं पाठवलं जातं.

भारतीय मुलांची मापं भारतीय मुलांवरूनच काढावीत म्हणून बडोद्याच्या विद्यापीठात प्रमिला फाटक यांनी मोठं काम केलं. अडीच वर्षांपर्यंतच्या बाळांच्या वाढीचा त्यांचा अहवाल 1970 साली आला आणि त्यावरून तयार झालेल्या चाचण्या आपल्याकडं बालविकासाच्या तपासणीत वापरल्या जातात. गरोदरपणात हाती पडतं ते माता-बाल संरक्षण कार्ड आपण लसीच्या तारखांपुरतं उघडतो. त्यात कोणत्या महिन्यात मूल काय करू लागतं याची चित्रंही असतात. ती जरूर पाहावीत.

ढोबळ खुणा अशा. सहा-सात महिन्यांच्या सुमाराला मूल 'बाबाबा', 'दादादा' असं बडबडू लागतं. वर्षाच्या आसपास बोट दाखवतं, टाटा करतं, हाक मारली की वळतं. त्याच सुमाराला पहिला शब्द येतो. दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडतं. वर्षाचं झालं तरी बडबड किंवा हातवारे नाहीत, सोळा महिने झाले तरी एकही शब्द नाही, दोन वर्षं झाली तरी दोन शब्दांची जोडणी नाही, किंवा आलेलं बोलणं मधेच गेलं, तर वाट बघू नये, डॉक्टरांना दाखवावं. बोट दाखवणं हेही बोलणंच आहे, हे विसरू नये. शब्द येण्याआधी मूल बोटानं वाक्य करतं.

पण खूण म्हणजे शर्यत नव्हे. अमेरिकेत लॅरी फेन्सन, एलिझाबेथ बेट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात शब्दांची एक यादी तयार केली, ती आईबापांनीच भरायची. पुढं कितीतरी भाषांत तिचे अवतार झाले. त्या यादीतून दिसलं की दोन वर्षांची काही मुलं साठेक शब्द बोलतात, तर काही पाचशेच्या वर. दोन भाषांच्या घरात मात्र मोजताना एक काळजी घ्यावी लागते. दोन्ही भाषांतले शब्द मिळून मोजायचे. एकाच खिशातले पैसे मोजून माणसाला गरीब ठरवू नये, तसं.

आम्हीही तेच केलं. आधी सोलापुरात नातवाचे कान तपासून घेतले. ते ठणठणीत निघाले. मग वही पुढं घेतली. नर्सरीत त्याचे जेमतेम वीस-पंचवीस शब्द ऐकू गेले होते, कारण तिथं मराठी रकानाच ऐकला गेला. दोन्ही रकाने मिळून शब्द साठाच्या पुढं गेले. डॉक्टर म्हणाले, घरात जी भाषा तोंडात बसलेली आहे त्याच भाषेत भरपूर बोला आणि तीन महिन्यांनी पुन्हा आणा.

हे ऐकून बायकोला काय वाटलं ते मला सांगता यायचं नाही. पण त्या रात्री लोरी पुन्हा सुरू झाली.

हार्वर्डच्या रॉजर ब्राऊन यांनी 1962 पासून तीन मुलांची बोलणी ध्वनिमुद्रित केली होती. त्यांना आणि त्यांच्या सहकारी कॅमिल हॅनलन यांना दिसलं की आईबाप मुलाचं व्याकरण फारसं सुधारत नाहीत. मूल बोललं ते खरं आहे की नाही एवढंच बघतात. म्हणजे मुलाला मास्तर लागत नाही, त्याचं म्हणणं समजून घेणारा माणूस लागतो. देब रॉय या संशोधकानं 2005 पासून आपलं अमेरिकेतलं सगळं घर कॅमेरे आणि मायक्रोफोनांनी भरून मुलाची तीन वर्षं टिपली. त्याच्या पोरानं पाण्याला आधी 'गागा' म्हटलं आणि सहा महिन्यांत ते 'वॉटर'वर आलं. हजारो तासांच्या त्या साठ्यात दिसलं तेही हेच. मूल एखाद्या शब्दाच्या जवळ आलं की भोवतालची माणसं नकळत आपलं बोलणं सोपं करतात, त्याच्यासाठी खाली वाकतात. आपल्या आज्या 'अले अले' म्हणत हेच करत आल्या आहेत.

तीन महिने व्हायच्या आधीच एका संध्याकाळी मी चपला घालत होतो. नातू दाराशी आला, माझा सदरा ओढला आणि म्हणाला, "नाना, भूर चलो."

लेकीनं वही आणली आणि ती पेन्सिल घेऊन थांबली. 'भूर' मराठी, 'चलो' घरचं. कोणत्या रकान्यात लिहायचं? मी म्हटलं, रेघेवरच लिही. तिनं तारीख घालून तसंच लिहिलं, आणि आम्ही दोघं किल्ल्याच्या वाटेनं भूर गेलो.

तुमच्या घरात लहान मूल असेल तर अशी एक वही जरूर ठेवा. ती दाखवायला डॉक्टरांना उपयोगी पडेल आणि मूल मोठं झाल्यावर त्यालाही वाचायला आवडेल. फक्त तिच्यात रकाने पाडू नका.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)